भाजलेली नळी आणि पार्सली : लंडनच्या ‘सेंट जॉन’मधील जेवण

आमच्या साताऱ्याच्या घरी मटणाचा रस्सा झाला की नळी कोणाच्या ताटात पडणार यावरून भावंडांत भांडण ठरलेलेच असे. ज्याला ती मिळे तो हाडाचे टोक ताटावर आपटून आतला मगज ओढून घेई आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत बसत. त्यामुळे लंडनमधील ‘सेंट जॉन’ या उपाहारगृहात भाजून उभ्या मांडलेल्या नळ्यांची थाळी माझ्यासमोर आली, तेव्हा नवल वाटण्याऐवजी जुनी ओळख पटली.

स्वयंपाकी फर्गस हेंडरसन आणि त्यांचे भागीदार ट्रेव्हर गलिव्हर यांनी १९९४ मध्ये हे उपाहारगृह सुरू केले. स्मिथफील्डचा जुना मांसबाजार येथून अगदी जवळ आहे आणि ही इमारत पूर्वी डुकराच्या मांसाला धुरी देण्यासाठी वापरली जात असे. भिंती पांढऱ्या, त्यांवर एकही चित्र नाही, संगीत नाही, टेबलांवर साधा पांढरा कागद. हेंडरसन मुळात वास्तुरचनेचे शिक्षण घेतलेले आहेत आणि या खोलीत ते जाणवते, कारण लक्ष वेधून घेणारी एकच गोष्ट येथे शिल्लक ठेवली आहे, ती म्हणजे ताट. प्राणी मारायचाच असेल तर तो नाकापासून शेपटीपर्यंत वापरावा, निवडक तुकडे घेऊन उरलेले टाकून देणे असभ्यपणाचे आहे, ही त्यांची भूमिका आता जगभरच्या स्वयंपाक्यांना ठाऊक आहे. २००९ मध्ये या उपाहारगृहाला मिशेलिनचा तारा, म्हणजे उत्तम उपाहारगृहांना दिला जाणारा मान, मिळाला.

नळी हा येथील सर्वांत प्रसिद्ध पदार्थ. वासराची हाडे आडवी कापून भट्टीत भाजतात आणि त्यांच्याबरोबर भाजलेला पाव, ओलसर खडे मीठ आणि पार्सलीची कोशिंबीर देतात. (जे गोवंशाचे मांस खात नाहीत त्यांनी मागवण्यापूर्वी प्रत्येक पदार्थाची चौकशी अवश्य करावी.) मगज पावावर पसरायचा, वर मीठ भुरभुरायचे आणि शेवटी कोशिंबिरीचा घास ठेवायचा. पार्सली ही कोथिंबिरीच्याच कुळातली, पण तिची चव अधिक कडसर असते. तिच्यासोबत पातळ चिरलेले छोटे कांदे, खारवलेल्या केपरच्या कळ्या आणि लिंबू असल्यामुळे मगजाचा तुपासारखा जडपणा जिभेवर साचून राहत नाही. आपल्याकडे हेच काम रश्श्यातला मसाला आणि ताटातला कच्चा कांदा करतो. फरक इतकाच, की आपण मगजाची चव रश्श्यात मिसळू देतो आणि येथे ती एकटीच समोर ठेवलेली असते.

त्यानंतर बैलाचे हृदय घेतले. हृदय आयुष्यभर अखंड काम करणारा स्नायू असल्यामुळे त्यात चरबी जवळजवळ नसते आणि जास्त वेळ आचेवर राहिले तर ते चामड्यासारखे होते. येथे पातळ काप करून ते कडकडीत तापलेल्या तव्यावर क्षणभरच परतले होते. बाहेरून करपट, आतून लालसर आणि चवीला कलेजीपेक्षा थेट मांसाच्या जवळचे. त्याआधी काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी वजडी, म्हणजे जनावराचे पोट व आतडी, मागवली होती. ती नीट न धुतल्यामुळे दोन घासांनंतर ताट बाजूला सारावे लागले. वजडी गरम पाण्यात घालून, खरवडून, पुन्हा पुन्हा धुणे हे आमच्या आजीच्या लेखी स्वयंपाकाचे निम्मे काम होते आणि अशा अवयवांची खरी परीक्षा तेथेच होते, हे या दोन जेवणांवरून मला पुन्हा कळले.

इंग्लंडमध्ये हे खाणे एके काळी कामगारांच्या घरोघरी होते. लँकेशरच्या गिरणगावांत वजडीची स्वतंत्र दुकाने असत. नंतर राहणीमान सुधारले, आवडी बदलल्या आणि त्यातच गुरांच्या मेंदूच्या रोगाची भीती आली. १९८९ मध्ये गुरांचा मेंदू, पाठीचा मज्जारज्जू, तिल्ली (प्लीहा) इत्यादी भाग माणसाच्या अन्नातून वगळण्यात आले आणि डिसेंबर १९९७ पासून दोन वर्षे हाडासहित गोमांस विकण्यावरही बंदी होती. अशा काळात हाडे आणि अवयव यांच्या बळावर उपाहारगृह चालवायला किती विश्वास लागला असेल, याचा विचार मी जेवताना करत होतो.

आणखी एक गोष्ट मनातून जात नव्हती. महाराष्ट्रात रक्ती (शिजवलेले रक्त), वजडी, मुंडी (डोके) यांची पाककला प्रामुख्याने त्यांनी जपली, ज्यांच्या वाट्याला मांसाचे निवडक तुकडे क्वचितच येत, आणि त्याच ताटावरून त्यांना हिणवलेही गेले. लंडनमध्ये त्याच भागांसाठी लोक आठवडा-आठवडा आधी टेबल राखून ठेवतात. मला याचा राग येत नाही, पण मुंडी उत्तम शिजवणाऱ्या आपल्याकडच्या बायकांच्या हातालाही असाच मान मिळावा असे फार वाटते.

येथील पदार्थांची यादी रोज बदलते, मात्र नळी कायम असते. दोघांत एक थाळी पुरते. शेवटी एकल्स केक मागवावा. बेदाण्यांचे सारण भरलेली ही पापुद्र्यांची गोड पोळी लँकेशरच्या चीजबरोबर देतात आणि त्या खारट, भुसभुशीत चीजमुळे तिचा गोडवा बेताचा होतो. मी गेलो त्या दिवशी यादीत डुकराची तिल्ली नव्हती. ती असेल त्या दिवसासाठी मी पुन्हा जाणार आहे.