पोळीभाजी केंद्र, पण पोळी वगळून

डोंबिवली पूर्वेला दर दोन इमारतींमागे एक पोळीभाजी केंद्र आहे, त्यातलंच हे एक. लोक इथे पोळ्यांसाठी रांग लावतात. मी वर्षभर आठवड्यातून चार दिवस इथून जेवण नेते आणि स्वतःसाठी एकही पोळी घेत नाही. तरी पाचपैकी चार तारे.

आधी माझी कुंडली. वय 49, नोकरी फोर्टात, चौदा महिन्यांपूर्वी वजन कमी करायचं स्लीव्हचं ऑपरेशन. यात जठराचा तीन-चतुर्थांश भाग काढूनच टाकतात, उरते ती केळ्याएवढी नळी. वजन 118 होतं, आता 81. सुरुवातीचे दोन आठवडे नुसतं पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, असं करत करत जेवणावर आले. घरात आईचा जुना मसाल्याचा डबा होता. त्यातली मोहरीची वाटी घासूनपुसून मी माझी केली. तिच्यात मावेल तेवढंच माझं जेवण. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. आणि डाएटिशियनबाईंचा एकच धोशा, दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन, तेही आधी. भात-पोळी जागा उरली तर. मोहरीच्या वाटीत हे बसवायचं म्हणजे लोकलमधली चौथी सीट. प्रत्येक घासाला विचारावं लागतं, बाबा रे, तू कशाला बसतोयस?

म्हणून मला चवीचं लागतं. चारच घास खायचे तर ते उकडलेल्या दुधीचे का खायचे?

या केंद्राच्या काकू सीकेपी. बुधवारी आणि शनिवारी वालाचं बिरडं असतं, आणि माझ्या मते अख्खं दुकान त्या पातेल्यावर उभं आहे. घरी करायचं तर वाल भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोला. एवढी यातायात करून मी खाणार चार चमचे! काकूंकडे दोन बायका सकाळी हेच करत बसलेल्या असतात. सालं निघाल्यामुळे दाणा लोण्यासारखा लागतो, पण आकार मोडत नाही. चमच्यात आख्खा दिसतो आणि जिभेने दाबला की विरघळतो. माझ्यासारखीला याहून सोयीचं कडधान्य नाही. शंभर ग्रॅम कोरड्या वालात साधारण 24 ग्रॅम प्रोटीन असतं. शिजल्यावर पाणी पिऊन ते पांगतं, हे खरं, पण बरोबर पनीरचे दोन तुकडे घेतले की माझं दुपारचं गणित सुटतं. गूळ थोडा जास्त असतो. मला तो चालतो. ज्यांचं बायपास (हृदयाचं नव्हे, वजनासाठीचं पोटाचं) झालंय त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावं. हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या पलंगावर बायपासवाल्या ताई होत्या, नंतर फोनवर सांगत होत्या की एका गुलाबजामवर दरदरून घाम, धडधड आणि तासभर आडवं पडणं.

आता पोळीचं. दोष पोळीचा नाही, ती फारच चांगली आहे, आणि तिथेच गडबड झाली. तिसऱ्या महिन्यात एकदा मोह झाला. गरम, तूप लावलेली, मऊसूत घडीची पोळी. दोन घास नीट चावले, तिसरा घाईत गिळला. मऊ कणकेचा तोंडात गोळा होतो आणि तो छातीत जाऊन बसतो. पाऊण तास बेसिनपाशी उभी होते, तोंडातून नुसता फेस. नवरा पाठ चोळत होता आणि मला त्याचाही राग येत होता. त्यानंतर पोळ्या त्याला आणि मुलाला. मी फार तर कडक भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा कुरकुरीत करून खाते, तो बरा उतरतो.

आमटी वरून घेतलीत तर ते पिवळं पाणी आहे. माझ्या पोटात पाण्याला जागा नाही. पहिल्यांदा काउंटरवरच्या पोराला म्हटलं, तळातून घाल. तो म्हणाला, "मावशी, सगळी सारखीच असते." आतून काकूंनी ऐकलं. त्या स्वतः आल्या, पळी पातेल्याच्या बुडापर्यंत नेली, तिरकी धरून वरचं पाणी हळूच ओघळू दिलं आणि उरलेली घट्ट डाळ माझ्या डब्यात ओतली. "ऑपरेशन झालंय का ताई? माझ्या जावेचं झालंय." तेव्हापासून मला अर्धा डबाही मिळतो, अर्ध्या पैशात. बोर्डावर तसं लिहिलेलं नाही.

शुक्रवारी ओल्या बोंबलाचं कालवण. काटा मऊ, मांस त्याहून मऊ. ऑपरेशननंतर चिकन ज्यांना चामड्यासारखं लागतं त्यांनी हे खाऊन बघावं. तळलेला बोंबील घेतलात तर रव्याचं कवच सोलून ठेवा, ते आमचा मुलगा खातो. श्रावणात मात्र मासे नाहीत आणि अंडीही नाहीत. तो महिनाभर मी पिठल्यावर आणि घरच्या चक्क्यावर काढते.

तक्रारी दोन. मटकीची उसळ कचकचीत असते, सालं दातात आणि नंतर पोटात बोलतात. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "मऊ केली की बाकीची गिऱ्हाईकं ओरडतात." बरोबर आहे त्यांचं, मी एकटी. दुसरी गोष्ट माफ होण्यासारखी नाही. सहा महिन्यांपासून भाच्याच्या सांगण्यावरून 'हाय प्रोटीन सॅलड' ठेवलंय, 120 रुपये. कच्चा कोबी, कच्चं गाजर, अर्धवट उकडलेले हरभरे आणि वर पनीरचे चार फासे. आमच्यासारख्यांना बोर्ड वाचून हेच घ्यावंसं वाटणार, आणि नेमकं हेच अडकणार. एक तारा तिथे गेला.

सोमवारी बंद. बिरडं बारापर्यंत संपतं. डबा घरून न्या आणि अर्धा हवा असेल तर काउंटरवर घासाघीस न करता आत हाक मारा.