स्वीट होम की क्लॉक टॉवर: आधी कोणता खेळावा?

जुन्या हॉरर गेमचा विषय निघाला की बहुतेकजण १९९६ च्या रेसिडेंट ईव्हिलपाशी येऊन थांबतात. त्याआधीचे दोन जपानी गेम मात्र फार कमी जणांच्या लक्षात राहिलेत: कॅपकॉमचा स्वीट होम (१९८९, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती गेम मशीनवर) आणि ह्यूमन एंटरटेनमेंटचा क्लॉक टॉवर (१९९५, त्याच्या पुढच्या सुपर फॅमिकॉमवर). दोन्हींत एक भला थोरला वाडा आहे आणि बाहेर पडायची वाट बंद आहे. तुमच्याकडे वेळ एकाच गेमपुरता असेल, तर निवड करताना भीती कुठल्या जातीची हवी हे आधी ठरवा.

स्वीट होममध्ये मामिया नावाच्या चित्रकाराची भित्तिचित्रं टिपायला पाच जण वाड्यात शिरतात. प्रत्येकाकडे एकच खास वस्तू. काझुओकडे लायटर, अकिकोकडे औषधांची पेटी, तारोकडे कॅमेरा, एमीकडे किल्ली आणि आसुकाकडे व्हॅक्यूम क्लीनर. वाटेत काचांचा खच पडला असेल तर आसुकालाच पुढे आणावं लागतं. चित्रातला मजकूर वाचायचा तर तारो हवा. पण एका तुकडीत तिघांपेक्षा जास्त राहू शकत नाहीत, म्हणून हवा तो माणूस नेमका वाड्याच्या दुसऱ्या टोकाला असतो! त्यात सामान ठेवायला जागा इतकी थोडी की एक उचलायचं तर दुसरं खाली टाकावं लागतं, आणि कुठे काय टाकलं हे डोक्यात ठेवावं लागतं.

मेलेला माणूस परत येत नाही. त्याची उणीव भरून काढणाऱ्या वस्तू वाड्यात सापडतात, पण त्या प्रत्येकाच्या सामानाच्या नेहमीच्या दोन जागांतली एक अडवून बसतात. एक माणूस गेला की पुढचा सगळा खेळ जड होतो. किती जण वाचले यावर पाच वेगवेगळे शेवट ठरतात. इतक्या जुन्या मशीनवर मरणाला एवढी किंमत देणारा गेम विरळाच, आणि रेसिडेंट ईव्हिलचं काम सुरू झालं तेही याच्याच नव्या आवृत्तीच्या कल्पनेवरून. कच्ची बाजू एकच: चालता चालता अचानक होणाऱ्या लढाया. आरपीजीची, म्हणजे लढत लढत पात्रांची ताकद वाढवायच्या गेमची, सवय नसेल तर त्या नक्की कंटाळा आणतात.

क्लॉक टॉवरमध्ये लढाई नाहीच. नॉर्वेतल्या एका वाड्यात दत्तक म्हणून आलेली जेनिफर आणि तिच्या मागे भली मोठी कात्री घेतलेला सिझरमन. तिच्याकडे शस्त्र नाही. पळायचं, लपायचं, नाहीतर हाताला लागेल ते वापरून वेळ मारून न्यायची. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या तिच्या चेहऱ्यामागचा रंग लाल झाला की समजावं, आता ती कोलमडणार. बराच वेळ संगीत नसतं, नुसता पावलांचा आवाज, आणि सूर सुरू झाला की कात्री जवळ आलेली असते. जेनिफर चालते मात्र फार सावकाश, आणि कर्सर फिरवून खेळणं आज अवघडल्यासारखं वाटतं. एक खेळ दोन-तीन तासांत संपतो. पण शेवट नऊ आहेत आणि नव्या खेळात खोल्यांची जागा बदलते, त्यामुळे दुसऱ्यांदाही धाकधूक राहतेच.

मिळण्याच्या बाबतीत दोघांत मोठा फरक आहे. क्लॉक टॉवर २०२४ मध्ये ‘रिवाइंड’ नावाने अधिकृत इंग्रजीत आला. त्यात मूळ रूपही आहे, शिवाय हवं तिथे सेव्ह करण्याची आणि खेळ मागे नेण्याची सोय आहे. मागे नेण्याची सोय पहिल्या खेळात वापरू नका, पकडलं जाण्याची धास्तीच निघून जाते. स्वीट होम जपानबाहेर अधिकृतपणे कधीच विकला गेला नाही. इंग्रजीत खेळायचा तर चाहत्यांनी केलेल्या भाषांतराचाच आधार.

एक संध्याकाळ मोकळी असेल किंवा लढायांचा तिटकारा असेल तर क्लॉक टॉवर घ्या. आठवडाभर थोडं थोडं खेळायची तयारी असेल, कागदावर नकाशा काढायला आवडत असेल, तर माझं मत ठामपणे स्वीट होमला. फक्त अकिकोला सांभाळा. विषबाधा झालेल्या सोबत्याला बरं करायला तिचीच पेटी लागते.