‘ब्लॅक ब्यूटी’ : सात महिन्यांनंतर

अ‍ॅना स्यूअल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही १८७७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी मी सात महिन्यांपूर्वी वाचली आणि त्यानंतर तिची काही प्रकरणे तीन-चारदा पुन्हा वाचली. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहायला बसलो असतो, तर जिंजर या घोडीविषयीच लिहिले असते, कारण तेव्हा रडू आले ते तिच्यासाठी. आता मात्र आधी आठवते ती थंड पाण्याची बादली.

मालकीणबाई अत्यवस्थ असताना ब्यूटी, म्हणजे आपली कहाणी स्वतःच सांगणारा या कादंबरीतला घोडा, मध्यरात्री डॉक्टरांकडे आठ मैल धावत जातो आणि डॉक्टरांचा घोडा थकलेला असल्यामुळे त्यांनाही पाठीवर घेऊन तसाच परततो. तबेल्यात त्या वेळी जो ग्रीन हा साडेचौदा वर्षांचा नवखा मुलगा असतो. तो घामाने निथळणाऱ्या ब्यूटीचे पाय आणि छाती मनापासून चोळतो, घोड्याला उकडत असेल म्हणून अंगावर झूल घालत नाही, बादलीभर गार पाणी पाजतो, चारा घालतो आणि सगळे नीट केले अशा समजुतीने झोपायला जातो. ब्यूटी त्यातून मरता मरता वाचतो. जोला माया कमी नव्हती, माहिती नव्हती. आणि जॉन मॅन्ली हा जाणता मोतद्दार अज्ञानाची ही सबब मान्य करत नाही. मीही जवळपास त्याच वयाचा असल्याने हे बोलणे मला झोंबले. मांजरीच्या पिल्लाला गाईचे दूध वाटीभर पाजून त्याला जुलाब लावणारा मीच होतो, आणि तेही लाडाने.

स्यूअल यांनी हे पुस्तक मुख्यतः घोड्यांबरोबर काम करणाऱ्यांसाठी लिहिले होते, हे कळल्यावर त्यातला बारकावा उलगडतो. घोड्याची मान सतत उंच दिसावी म्हणून ताणून बांधायच्या लगामाचे वर्णन वाचताना आपलीच मान अवघडते. श्रीमंत घरातली बाई तो लगाम रोज थोडाथोडा आखडायला सांगते, आणि चढाला जोर लावण्यासाठी मान पुढे काढायची सोयच घोड्याला उरत नाही. क्रौर्य इथे आरडाओरडा करत नाही, ते फॅशन म्हणून येते.

तक्रारही आहे. दारू, रविवारची सुट्टी, निवडणूक अशा विषयांवर माणसे लांबलचक बोलतात आणि बिचारा घोडा ते सगळे इमानाने आपल्याला ऐकवतो. दुसऱ्यांदा वाचताना ती पाने मी सरळ उलटली. घोडागाडीवाला जेरी बार्कर मात्र या उपदेशातूनही जिवंत राहतो. जिंजरच्या शेवटाला तर लेखिका फार संयमाने लिहिते: गाडीतून नेलेली एक मेलेली तांबूस घोडी ब्यूटीला दिसते, ती जिंजरच असावी असे त्याला वाटते आणि तशी ती असावी, म्हणजे तिचे हाल तरी संपले असतील, अशी आशाही वाटते. खात्री तो देत नाही.

शेवटी जो ग्रीन पुन्हा भेटतो, आता कर्ता मोतद्दार म्हणून. म्हाताऱ्या घोड्याला खरारा करताना त्याला कपाळावरचा पांढरा ठिपका दिसतो, मग एक पांढरा पाय, आणि पाठीवर हात फिरवताना पांढऱ्या केसांचा तो इवलासा डाग, ज्याला जॉन ‘ब्यूटीचे तीन पेन्सचे नाणे’ म्हणत असे. हे प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळा वाचले आहे.