५८ सीसीचं स्टिकर आणि आत ४५ सीसी: चेनसॉच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

नाशिकमध्ये कोणी घरच्या वापरासाठी चेनसॉ घ्यायच्या विचारात असेल, म्हणजे ती पेट्रोलवरची लाकूड कापायची मशीन, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. आमच्या घरी साडेनऊ हजारांना चुना लागलाय, आणि ज्या पद्धतीनं लागला ती अजून चालूच आहे, परवाच ओझरच्या एका मित्राला हेच सगळं बोलून अगदी तीच मशीन गळ्यात मारायचा प्रयत्न झाला.

आमचं घर मखमलाबादला, मागं थोडी शेती. जुनी थॉमसन द्राक्षाची बाग काढली तर खोडांचा हा ढीग पडलेला, त्यात अवकाळीच्या वादळात बांधावरची जुनी बाभूळ आडवी झाली. घरी अजून बंबावर पाणी तापतं त्यामुळे लाकूड लागतंच, आणि कापायला माणूस बोलवावा तर तो हो म्हणतो आणि उगवतच नाही. नाना म्हणाले एक मशीनच घेऊन टाकू. एका कृषी प्रदर्शनात स्टॉल होता, तिथं घेतली. स्टॉलचं नाव इथं लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे आणि तसंही नाव दर प्रदर्शनात बदलतं असं आता कळलंय.

आता डेमो कसा देतात ते बघा, सगळी मेख तिथंच आहे. मशीन नारिंगी-पांढरी, लांबून बघितली तर स्टिल (Stihl) या नावाजलेल्या चेनसॉ कंपनीचीच वाटेल, नावाचं स्पेलिंग पण तसंच, एक अक्षर फक्त इकडचं तिकडं. वर मोठ्ठं स्टिकर ५८ सीसी, पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) २२ इंची. पोरगं एका झटक्यात चालू करतं आणि समोरच्या ओंडक्याच्या फटाफट चकत्या पाडतं, माणसं मोबाईलवर शूटिंग करतायत. तो ओंडका होता शेवग्याचा! मी नंतर फोटो झूम करून बघितला, ती भेगाळलेली करडी साल आणि आतलं पांढरं भुसभुशीत लाकूड, शेवगा तर कोयत्यानं पण तुटतो हो. नानांना तेव्हाच शंका आलेली, ते म्हणाले बाभळीचं काही कापून दाखवा, तर तो म्हणे "काका बाभूळ काय, सागवान पण लोण्यासारखं कापते, इथं फक्त लाकूड आणायची परवानगी नाही". आणि दुसरी गोष्ट, डेमोची मशीन तुम्हाला मिळतच नाही. "वापरलेली कशाला घेता, सीलपॅक देतो" म्हणून मागच्या टेम्पोतून खोकं आणून देतात, आपल्याला पण बरंच वाटतं. डेमोची आणि खोक्यातली यात स्टिकर सोडलं तर काय सारखं होतं देव जाणे.

घरी सुरुवातीला चालली. थंड असताना दोन-तीन दोऱ्या ओढल्या की चालू, द्राक्षाची बारकी खोडं कापली, नाना खूश. मग मशीन तापली की बंद पडायला लागली, आणि एकदा बंद पडली की कितीही दोरी ओढा, खांदा निघून येईल पण ती काही चालू होत नाही, तासभर थंड होऊ दिली की परत सुरू. बाभळीवर ठेवली तेव्हा तर चेनमधून धूर, पट्टीची कड निळसर पडली आणि लाकडाचा चुरा न पडता पीठ पडायला लागलं. पीठ पडणं म्हणजे चेन बोथट झाली, चांगल्या धारेची चेन असेल तर बारके बारके छिलके उडतात, हे आता कुणालाही सांगतो.

स्टॉलवाल्याला फोन केला तर म्हणाला तुम्ही टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल, जास्त टाकलं, प्लग काळा झाला असेल. परत फोन केला तर तोच माणूस म्हणतो ऑइल कमी टाकलं, म्हणून गरम होते, आणि ऑइल चुकीचं म्हणजे वॉरंटी गेली. म्हणजे कसंही करून आमचंच चुकलं! खोक्यातल्या पुस्तकात लिटरला ४० मिली लिहिलेलं, टाकीवरच्या स्टिकरवर लिटरला २० मिली, म्हणजे वॉरंटी नाकारायची सोय त्यांनी छापूनच दिलेली होती. मग त्यानं त्यांच्या "सर्व्हिस सेंटर"चा नंबर दिला, ते म्हणजे एक माणूस आणि एक गाळा, त्यानं कार्ब्युरेटर नवीन टाकला म्हणून अठराशे रुपये घेतले. त्रास जशाचा तसा.

शेवटी पंचवटीत मार्केट यार्डाच्या बाजूला एक मिस्त्री आहे, फवारणीचे पंप आणि ब्रश कटर दुरुस्त करतो, त्याच्याकडे नेली. त्यानं मशीन चालू करून बघितलीच नाही. चालू-बंदचं बटण बंद केलं आणि दोरीची मूठ हातात धरून अख्खी मशीन हवेत लटकवली. म्हणाला भाऊ, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, असलं तर मशीन जरा अडून अडून खाली येते, ही बघा कशी सरळ घसरली. मग सायलेन्सरचे दोन नट खोलले आणि मोबाईलचा टॉर्च आत मारला. धुराच्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते, ती गुळगुळीत करडी हवी, आमच्या पिस्टनवर वरपासून खालपर्यंत ओरखडे, नखाला लागतील असे. "आता हे ऑइलनं झालं का हवा कुठनं ओढते म्हणून झालं ते सिलेंडर खोलल्यावर कळेल" म्हणाला, आणि खोलल्यावर सिलेंडरखालचं पॅकिंगच एका बाजूनं कापलेलं निघालं. म्हणजे फॅक्टरीतनंच हवा ओढत होती, मिश्रणात पेट्रोल कमी नि हवा जास्त, त्यानं पिस्टन तापणार, घासणार, कॉम्प्रेशन जाणार, मग थंड असताना कशीबशी चालू होते आणि तापल्यावर नाही. तो अठराशेचा कार्ब्युरेटर पण खोलला, आतला रबरी पडदा कडक होऊन वाकडा झालेला, नवीन कसला, जुनाच बाहेरनं पुसून बसवलेला.

मग गंमत म्हणजे त्यानं मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. सिलेंडरचा बोर, म्हणजे आतला व्यास, ४३ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरखाली होतो ते अंतर, ३१. गणित कोणीही करू शकतं, ४.३ गुणिले ४.३ गुणिले ०.७८५ गुणिले ३.१, उत्तर येतं ४५. पंचेचाळीस सीसी! मिस्त्री म्हणाला या चायनाच्या मशीनींची बॉडी ४५, ५२, ५८ सगळ्यांना सारखीच असते, आतला सिलेंडर-पिस्टन बदलतो आणि वरचं स्टिकर, त्यामुळे बाहेरनं बघून कोणाच्या बापाला कळणार नाही. आणि ४५ सीसीला २२ इंची पट्टी लावली की ती ओढता ओढताच मशीनचा जीव जातो.

पण मला जास्त राग आला तो चेन ब्रेकचा. पुढच्या हँडलच्या पुढं जो प्लॅस्टिकचा गार्ड असतो तो नुसता हात वाचवायला नसतो, पट्टीचं टोक लाकडात अडकून मशीन उलटी अंगावर उसळली की मनगट त्या गार्डवर आपटतं आणि चेन जागेवर थांबायला पाहिजे. मिस्त्रीनं क्लचचं झाकण काढून दाखवलं, आत ब्रेकचा पट्टा होता पण त्याची स्प्रिंगच बसवलेली नव्हती. गार्ड पुढं ढकलला की टक असा आवाज येतो, आपण समजतो ब्रेक लागला, आणि चेन फिरतेच आहे. नाना ती मशीन छातीच्या उंचीवर धरून आडव्या बाभळीच्या फांद्या कापत होते. पैसे गेले ते परवडले असं मी उगाच म्हणत नाहीये.

त्यामुळे दुकानात किंवा स्टॉलवर चालू होते का हे बघून काही उपयोग नाही, चालू तर सगळ्याच होतात. जी मशीन घरी न्यायची तीच खोक्यातून काढायला लावा, तीच तुमच्यासमोर पेट्रोल घालून पाच-दहा मिनिटं खऱ्या लाकडावर, बाभूळ कडुनिंब काहीही, चालवायला लावा, बंद करा आणि गरम असतानाच परत चालू करायला सांगा. चालू असताना चेन फिरवून गार्ड ढकला, चेन झटक्यात थांबली पाहिजे. पट्टीचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस करा, पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली तर ऑइल पंप चालू आहे, नाही उमटली तर पट्टी निळी पडणार, आमची त्यामुळेच पडली, पंपाचा प्लॅस्टिकचा गिअर घासलेला निघाला. एवढं करू देत नाही तो दुकानदार सोडा.

डुप्लिकेट ओळखताना लोक मेड इन चायना बघतात, त्यानं फसाल. स्टिलचा स्वतःचा कारखाना चीनमध्ये छिंगदाओला आहे, तिथनं आलेली मशीन पण ओरिजिनलच. सिरीयल नंबर बघा, तो बॉडीवर कोरलेला पाहिजे, नुसतं चिकटवलेलं स्टिकर नको, आणि तो नंबर बिलावर लिहून घ्या. आणि त्याच कंपनीच्या डीलरकडे आधी जाऊन विचारा की या मॉडेलची चेन, क्लच आणि ऑइल पंप आत्ता आहे का. आमच्या मशीनची चेन शोधायला नाशिकमधल्या द्वारकेपासून सातपूरपर्यंत फिरलो, पट्टीवर पिच (चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) आणि लिंकचे (कड्यांच्या संख्येचे) आकडे छापलेले असतात ना, आमच्या पट्टीवर छापलेले आकडे आणि चेनचे आकडेच जुळत नव्हते. मिस्त्रीनं तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून त्याच्या निम्मं केलं, तो खरा पिच.

घरच्या कामाला ५८ सीसी लागतच नाही हो. बंबाची लाकडं, फांद्या, कधीतरी एखादं पडलेलं झाड, यासाठी ३० ते ४० सीसी आणि १४-१६ इंची पट्टी भरपूर झाली, स्टिलचं एमएस १८० नावाचं मॉडेल ३१.८ सीसीचं आहे, पट्टी-चेन सोडून चार किलोच्या आसपास, जाड ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो. महाग आहे, आम्ही दिले त्याच्या दुपटीच्या वर जाईल, पण पार्ट मिळतात. घराजवळच काम असेल तर लाईटवरची पण चालते, फक्त वायर जाड घ्या, लांब बारक्या वायरवर व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते, आणि शेतातल्या लाईटचा भरवसा तुम्हाला माहितीच आहे. बॅटरीवरच्या त्या छोट्या सहा इंची मशीन इन्स्टावर दिसतात त्या डाळिंब-द्राक्षाच्या छाटणीला ठीक, ओंडक्याला नाही.

आणखी एक, पेट्रोल आता ई२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल पाणी ओढतं, ऑइल मिक्स केलेलं पेट्रोल महिना-दोन महिने टाकीत ठेवलं की कार्ब्युरेटरचे पडदे खराब होतात. काम झालं की टाकी रिकामी करायची आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. हे चांगल्या मशीनला पण लागू. आणि बागेची खोडं कापणार असाल तर आधी तारा बघून घ्या, वेल तार गिळून बसतो, एक तार लागली की चेनची धार गेली. उभं झाड असेल तर शहराच्या हद्दीत १९७५ च्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, स्टॉलवरचं पोरगं "कुठलंही झाड पाच मिनिटांत" म्हणत होतं, ते अलाहिदा.

आता बिलाचं. बिल दिलं होतं, रंगीत, शिक्का मारलेलं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या धंद्याचा २७ नं सुरू होतो. आमच्या बिलावरचा २७ नंच सुरू होत होता पण मोजला तर १४ अक्षरं. जीएसटीच्या साईटवर नंबर टाकला की धंद्याचं नाव येतं, पैसे देण्याआधी मोबाईलवरच बघता येतं, अर्धा मिनिट लागतो. यूपीआयचा क्यूआर पण कोणत्यातरी बाईंच्या नावावर होता, दुकानाच्या नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पण जातोय, वस्तू ५ लाखांच्या आतली असेल तर फी लागत नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जावं लागतं, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, विकणारा कुठलाही असो. अडचण एकच होती की समोरची पार्टी कोण. त्यासाठी प्रदर्शनाच्या आयोजकांकडून स्टॉल बुकिंगचं नाव-पत्ता लेखी मागितला, आधी टाळाटाळ केली पण अर्ज दिल्यावर मिळाला. मिस्त्रीकडून पण मापं आणि ब्रेकच्या स्प्रिंगचं त्याच्या लेटरहेडवर लिहून घेतलंय. तो पार्टसाठी आठशे रुपये देतो म्हणतोय, पण केस होईपर्यंत मशीन द्यायची नाही असं ठरलंय. तुमच्यापैकी कोणाकडे अशीच नारिंगी-पांढरी मशीन आणि प्रदर्शनातलं बिल असेल तर जीएसटी नंबरची अक्षरं मोजा, १४ निघाली तर मला कळवा, सारखी तक्रार असलेल्या लोकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र केस टाकता येते.