मोठ्या शहरात कमी पैशात फिरायचंय? दिवसाचा पास घ्या

लोक स्वस्त हॉटेल शोधायला रात्र रात्र डोकं खपवतात आणि शहरात उतरलं की टॅक्सीत पैसे उडवतात, म्हणून हा रिव्ह्यू दिवसभराच्या पासचा. एकदा पैसे भरायचे आणि बस, मेट्रो, ट्राम, जे समोर येईल त्यात चढायचं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

खरी मजा अशी की पास खिशात असला की डोक्यातला हिशोब थांबतो. चुकीची बस पकडली, पुढच्या स्टॉपला उतरा. खिडकीतून एखादी गल्ली बरी दिसली, उतरा, भटका, दुसरी बस येतेच. दरवेळी सुटं तिकीट काढणारा माणूस दोन स्टॉप वाचवायला पाय ओढत चालतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा पार जीव गेलेला असतो.

बर्लिनची १०० नंबरची बस बघा. साधी सिटी बस, १९९० पासून चालू, तिकीट नेहमीचंच, पण झू स्टेशनवरून निघून विजयस्तंभ, संसद, म्युझियम आयलंड असं सगळं दाखवत अलेक्झांडरप्लाट्झकडे जाते. डबलडेकर असते, वर एकदम पुढची सीट मिळाली तर समोर अख्खी काच, झाडाच्या फांद्या जवळजवळ तोंडावर येतात, आणि शेजारचा माणूस मात्र मोबाइलमध्ये मान घालून ऑफिसला चाललेला 😄 टूरिस्ट बसवाले हेच दाखवायला कितीतरी जास्त घेतात, वर हेडफोनमधली रटाळ कॉमेंट्री.

अर्धा मार्क कापला तो "दिवस" या भानगडीसाठी. प्रत्येक शहराचा दिवस वेगळा. बर्लिनचं २४ तासांचं कागदी तिकीट मशीनमध्ये पंच केल्यापासून धरतात, पंच नाही केलं तर तिकीट हातात असून तुम्ही विनातिकीट. पॅरिसचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवारच चालतो, त्यामुळे शनिवारी पोचणाऱ्याला काही उपयोग नाही. लंडनला तर पास काढायचीही गरज नाही, बँकेचं कार्ड गेटवर किंवा बसमध्ये टॅप करत राहा, दिवसाची ठरलेली लिमिट गाठली की पुढचे पैसे कापतच नाहीत, आणि तो दिवस पहाटे साडेचारला संपतो म्हणजे रात्रीचं भटकणंही त्यातच. फक्त सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असं करू नका, दोन वेगळी माणसं धरतात. एअरपोर्टच्या खास फास्ट ट्रेनचं आधी विचारून घ्या, हीथ्रो एक्सप्रेस या लिमिटमध्ये येत नाही.

आणि काउंटरवर म्युझियमची तिकिटंही धरलेलं महागडं सिटी कार्ड गळ्यात मारायला बघतील, तिथे जरा थांबा, आधी फुकट काय काय आहे त्याची यादी काढा. लंडनचं ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी फुकट (स्पेशल प्रदर्शनं सोडून). न्यूयॉर्कची स्टॅटन आयलंड फेरी फुकट, तीही २४ तास, आणि तिच्यावरून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा मस्त दिसतो, मॅनहॅटनवरून जाताना उजव्या बाजूला उभे राहा.