क्लस्टरचं सामायिक सुविधा केंद्र: लॅबला पाच स्टार, वाळूला तीन

माझी फौंड्री, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना, छोटी. एक इंडक्शन भट्टी, हाताचं मोल्डिंग, पंपाची केसिंग आणि ट्रॅक्टरचे किरकोळ पार्ट. आमच्या एमआयडीसीत सरकारी क्लस्टर (एका भागातल्या छोट्या कारखान्यांचा गट) योजनेतून उभं राहिलेलं केंद्र मी नेहमी वापरतो. तिथे धातू तपासायची लॅब आहे आणि वापरलेली वाळू पुन्हा कामाची करणारा प्लँट. ते फक्त सभासदांसाठी आहे असा बऱ्याच कारखानदारांचा समज आहे. तसं नाही, बाहेरच्यांचंही काम होतं. दर थोडा जास्त लागतो, एवढंच.

लॅब उत्तम. धातूत काय किती आहे ते सांगणारं स्पेक्ट्रोमीटर माझ्या आवाक्याबाहेरचं: मशीन लाखांत, शिवाय आरगॉनची सिलिंडरं, एसी खोली, शिकलेला माणूस. इथे भट्टीतून पळीभर रस काढायचा, तांब्याच्या साच्यात नाण्याएवढा नमुना ओतायचा आणि पोराला गाडीवर पिटाळायचं. नमुना घासून ठिणगी पाडली की कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस, सगळं छापून हातात. नमुना पांढरा गोठलेला नसेल तर कार्बनचा आकडा फसवा येतो, म्हणून तिथला मुलगा असा नमुना सरळ परत पाठवतो. भट्टी तापलेली असताना हे जड जातं, पण रिपोर्टवर भरवसा बसतो तो त्यामुळेच.

एसजी आयर्नवाल्यांनी (मॅग्नेशियम घालून चिवट केलेलं बीड ओतणाऱ्यांनी) एक लक्षात ठेवावं. मॅग्नेशियमचं प्रमाण लाडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, दहा-पंधरा मिनिटांतच उतरायला लागतं. रिपोर्ट येईपर्यंत माल ओतून झालेला असतो. मग कास्टिंग पाठवायचं की मोडीत टाकायचं, एवढंच तो सांगतो. आणि निर्यातीचा माल असेल तर आपल्याला हवी ती चाचणी एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेत बसते का, ते आधी विचारा. कास्टिंगच्या उत्पादनात आपण चीननंतर जगात दुसरे, पण बाहेरचा गिऱ्हाईक आधी कागद मागतो, भाव नंतर बोलतो.

आता वाळू. सिंधुदुर्गातल्या कसर्डे-फोंड्याकडून साच्यांसाठी सिलिका वाळू आणायची, वापरून झाली की टाकायची कुठे हा प्रश्न. केंद्रातल्या प्लँटमध्ये रेझिनची (चिकट रसायनाने बांधलेली) वाळू भाजून रेझिन जाळतात. दाणा स्वच्छ होतो, कोअरला (कास्टिंगच्या आतली पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याला) नव्यासारखा चालतो. ग्रीन सँडचं, म्हणजे बेंटोनाइट माती आणि पाण्याने बांधलेल्या वाळूचं, तसं नाही. जळकं बेंटोनाइट दाण्याला चिकटून बसतं, नुसतं भाजून निघत नाही, घासावं लागतं. माझा एक लॉट आला तो धुळकट होता.

त्याहून मोठी तक्रार म्हणजे प्लँट बऱ्याचदा बंद असतो. पुरेशी वाळू जमल्याशिवाय पेटवत नाहीत, कारण गॅस आणि विजेचं बिल निघत नाही. केंद्र सरकारच्या एमएसई-सीडीपी (सूक्ष्म-लघु उद्योगांच्या क्लस्टरसाठीच्या) योजनेत, 2022 च्या नियमांप्रमाणे, 5 ते 10 कोटींच्या प्रकल्पाला 70 टक्के अनुदान आहे, 10 ते 30 कोटींच्या प्रकल्पाला 60 टक्के. हे पैसे उभारणीचे. रोजचा खर्च कारखानदारांच्या कंपनीने काढायचा. उद्घाटनाच्या फोटोत पुढे उभे असलेले सभासद स्वतःची वाळू मात्र रात्री ओढ्याकाठी टाकतात, मग प्लँट चालणार कसा? मला विचाराल तर सरकारने पहिली दोन-तीन वर्षं वीजबिलात वाटा उचलावा आणि वाळू न पाठवणाऱ्या सभासदाचा सवलतीचा दर काढून घ्यावा.

वाळू पाठवणार असाल तर आधी फोन करून बॅच कधी लागते ते विचारा. रेझिनची आणि ग्रीनची वेगळी भरा, लोखंडाचे छरे आणि मळी (स्लॅग) चाळून काढा, नाहीतर गेटवरूनच ट्रॉली परत येते.