भिंगातून वाचलेली 'बँक': ऑक्सफर्डच्या कॉम्पॅक्ट कोशाविषयी

अनुवाद करताना एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडकले होते. झोपण्यापूर्वी म्हातारी 'फायर बँक' करते, एवढंच वाक्य. मोबाइलवरच्या कोशांनी पैशांची बँक दाखवली, नदीचा काठ दाखवला, आणि तिथेच थांबले. मग नुकताच जुन्या बाजारातून आणलेला ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश उघडला, 1971 ची कॉम्पॅक्ट आवृत्ती. क्रियापदाच्या नोंदीत अर्थ मिळाला: आग सावकाश जळत राहावी म्हणून वर जळण रचून दाबून ठेवणं. म्हातारी विस्तव पुरत होती! वाक्य सुटलं आणि या कोशाशी माझी गट्टी जमली.

कॉम्पॅक्ट म्हणजे काटछाट केलेला, असं समजू नका. 1933 साली बारा खंड आणि एक पुरवणी अशा रूपात निघालेला संपूर्ण कोश यात दोन खंडांत बसवला आहे. मूळची चार पानं लहान करून एका पानावर छापली आहेत. म्हणून सोबत भिंग येतं, आणि खोक्याच्या वरच्या बाजूला ते ठेवायला छोटासा खण आहे. माझ्या प्रतीचा खण रिकामा होता. जुनी प्रत घेताना तो आधी उघडून बघा. भिंग आणि टेबलावरचा चांगला दिवा, दोन्हींशिवाय ही अक्षरं लागत नाहीत. खंड इतके जड आहेत की मांडीवर घेऊन वाचायचा विचारही करू नये.

पण एकदा डोळा बसला की काय काय दिसतं! 'बँक' हे नाम इथे एक नाही, तीन स्वतंत्र नोंदी आहेत. पहिली उंचवट्याची, उताराची: नदीचा काठ, वाळूचा दांडा, ढगांची रास. हा शब्द उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियन भाषांकडून आलेला. विस्तव पुरणं याच कुळातलं, कारण तिथेही रास रचायची असते. दुसरी नोंद बाकाची, जुन्या फ्रेंचमधून आलेली; वल्हेकऱ्यांची बसायची फळी तिच्यात येते. तिसरी पैशांची. इटलीतल्या सराफाचं मेज म्हणजे 'बांका', आणि फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकात ते इंग्रजीत पोहोचलं. आणखी मागे गेलं की तिघी एकाच जर्मानिक मुळाशी भेटतात. 'बेंच' त्याच घरातला. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला आपला 'बाक'सुद्धा. हे वाचलं त्या रात्री मला लवकर झोप आली नाही.

तिथून मी वाहवत गेले. 'बँक्रप्ट' म्हणजे इटालियन 'बांका रोत्ता', मोडलेलं मेज. 'बँक्वेट' म्हणजे मुळात छोटा बाक. 'माउंटीबँक' म्हणजे बाकावर चढून औषधं विकणारा भोंदू वैदू. प्रत्येक अर्थाखाली तो कधी, कोणी, कसा वापरला याची सालवार अवतरणं आहेत. संपादक जेम्स मरे यांच्याकडे ती अवतरणं चिठ्ठ्यांवर उतरवून वाचकांनी पाठवली होती, बहुतेकांनी फुकट. एका साध्या शब्दासाठी इतक्या अनोळखी माणसांनी डोळे शिणवले आहेत. म्हणूनच भिंग धरून हात अवघडला तरी मला तक्रार करावीशी वाटत नाही.

उणीव मात्र मोठी आहे, ती काळाची. हा कोश मुळात भागाभागांनी निघत गेला, आणि 'बँक' असलेला भाग 1885 सालीच छापला गेला. शिकागोच्या रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी 'ब्लड बँक' हे नाव रूढ केलं ते 1937 साली, म्हणजे इथे ते मिळायचं नाही. आजच्या बातम्या किंवा तांत्रिक मजकूर अनुवादित करत असाल तर ऑनलाइन आवृत्तीच घ्या. ती सतत सुधारली जाते. याच कोशाच्या 1989 च्या वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीची एका खंडातली कॉम्पॅक्ट आवृत्ती 1991 साली निघाली, पण तिच्यात एका पानावर नऊ पानं आहेत. माझ्या डोळ्यांना चारच पुरेत.

जुन्या कथा-कादंबऱ्यांवर काम करणाऱ्यांनी मात्र हे दोन खंड जरूर मिळवावेत. सध्या माझं भिंग दुसऱ्या खंडात 'सेट'वर आहे. चार दिवस झाले, पानं अजून संपलेली नाहीत.